धावणेसुद्धा शिकावे लागते

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आर्णी तालुक्यातील एक तरुण लंगडतच दवाखान्यात आला. “डॉक्टरसाहेब, एक सुई देऊन द्या, परवा ग्राउंड आहे,” एवढेच त्याचे म्हणणे. नडगीच्या आतल्या बाजूला एका ठिकाणी बोट ठेवताच तो कळवळला. एक्स-रे काढला, त्यात काही दिसले नाही. त्याची अजिजी पाहून मी वेदनाशामक सुई दिली. तो धावला आणि चौथ्या फेरीत खाली बसला. तीन आठवड्यांनी पुन्हा काढलेल्या एक्स-रेत हाडाला गेलेला तडा स्पष्ट दिसला. भरतीच्या वयोमर्यादेतले त्याचे ते शेवटचे वर्ष होते. ती सुई मी द्यायला नको होती. आज हा विषय घेण्याचे तेच कारण.

आपल्या जिल्ह्यात शेती पावसावर आणि नोकऱ्या मोजक्या. त्यामुळे पोलीस भरती म्हणजे हजारो घरांची आशा. मैदानी चाचणीच्या ५० गुणांपैकी २० गुण एकट्या लांब धावण्याला आहेत. मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर. भरतीची चाहूल लागली की पहाटे यवतमाळचे नेहरू स्टेडियम, पोस्टल ग्राउंड आणि गावोगावचे डांबरी रस्ते मुलामुलींनी भरून जातात. महिनाभरात त्यातलीच काही मुले दवाखान्यात येतात. तक्रार एकच, “शिन पेन.”

पोहणे शिकवतात, कबड्डी शिकवतात, सायकलसुद्धा कोणीतरी मागून धरून शिकवतो. धावणे मात्र जन्मतःच येते, असे आपण गृहीत धरतो. माझे मत असे की निम्मी दुखणी या समजुतीतून येतात.

नडगी का दुखते?

धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दुप्पट ते तिप्पट भार पायावर येतो. ६० किलोच्या मुलाच्या पायावर १२० ते १८० किलो! पाऊल साधारण एक मीटरचे धरले, तर पाच किलोमीटरमध्ये हा भार एकेका पायावर अडीच हजार वेळा पडतो. हाड हा भार सोसायला शिकते, पण सावकाश. आधी जुना भाग झिजवून काढला जातो, मग नवा भरला जातो. या मधल्या काही आठवड्यांत हाड कमकुवत असते. नेमके त्याच वेळी आपला उमेदवार दोनाचे पाच आणि पाचाचे आठ किलोमीटर करतो. घाईचा हा पहिला दोष.

दुसरा दोष धावण्याच्या पद्धतीत आहे. मैदानावर नेहमी ऐकू येते, “लांब ढांग टाक!” मुलगा पाय पुढे फेकतो. पाऊल शरीराच्या बरेच पुढे पडते, गुडघा जवळजवळ सरळ असतो आणि टाच जमिनीवर आपटते. हे म्हणजे सायकलचा ब्रेक दाबून पायडल मारण्यासारखे झाले. वेग कमी होतो आणि हिसका नडगी व गुडघ्याला बसतो. ढांग लांब व्हायला हवी ती मागच्या पायाच्या रेट्याने, पुढचा पाय फेकून नव्हे.

सुधारणा कशी करावी?

सोपा उपाय पावले मोजण्याचा आहे. नेहमीच्या वेगाने धावताना ३० सेकंदांत उजवा पाय किती वेळा पडतो ते मोजा आणि चाराने गुणा. मिनिटाची पावले मिळतील. समजा १६० आली, तर वेग तोच ठेवून ती १६८ पर्यंत न्या. म्हणजे पावले थोडी आखूड आणि थोडी भरभर. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवून दिले की पावलांची गती पाच ते दहा टक्के वाढवली की गुडघ्यावरचा भार कमी होतो. यासाठी यंत्र लागत नाही, घड्याळ पुरते.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. नजर समोर, खांदे सैल, मुठी आवळलेल्या नकोत. पुढे झुकायचे ते घोट्यापासून, कमरेतून वाकून नव्हे. पाऊल शरीराच्या शक्य तितके खाली पडावे आणि त्याचा आवाज कमी यावा. धपधप आवाज येत असेल तर काहीतरी चुकते आहे.

एक इशारा मात्र देतो. कोणी सांगितले म्हणून एका दिवसात टाच सोडून चवड्यावर धावू लागू नका. भार नाहीसा होत नाही, तो पोटरीवर आणि टाचेमागच्या शिरेवर जातो. कोणताही बदल आधी पाच-दहा मिनिटे, मग आठवड्या-आठवड्याने वाढवत न्यावा. डांबरापेक्षा मातीचे मैदान बरे. आठवड्यातून दोन दिवस धावणे बंद ठेवून बैठका आणि चवड्यांवर उभे राहण्याचा व्यायाम करावा. पोटरी बळकट तर नडगी सुरक्षित.

शिकवणाऱ्यांना विनंती

गावोगावच्या अकादमींमधले ‘सर’ पहाटे चारला उठून मुलांसाठी राबतात, याची मला कल्पना आहे. तक्रार एवढीच की हातात शिट्टी आणि घड्याळ असते, पण डोळे मुलाच्या पावलांवर नसतात. आठवड्यातून एकदा प्रत्येकाला बाजूने धावताना पाहा. एका वेळी एकच चूक सांगा. नवीन मुलाला जुन्यांच्या बरोबरीने पळवू नका.

बीड जिल्ह्यातील मांडव्याचा अविनाश साबळे लहानपणी शाळेसाठी रोज काही किलोमीटर पायपीट करायचा. पण निव्वळ त्या जोरावर तो मोठा झाला नाही. सैन्यात गेल्यावर प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याला हेरले, स्टीपलचेसकडे वळवले आणि घडवले. १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम त्याने २०१८ मध्ये मोडला, २०२३ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक आणले. एवढ्या गुणी धावपटूलाही शिकवणारा लागला, मग आपल्या मुलांना का लागू नये?

शाळांनीही विचार करावा. खेळाचा तास गणिताला देऊन टाकण्याची पद्धत आहे. आठवीनववीत धावणे नीट शिकवले, तर विशीत लंगडण्याची वेळ कमी येईल.

केव्हा थांबावे?

नडगीवर वीतभर पट्ट्यात ठणका असेल, तर आठवडा-दोन आठवडे धावणे कमी करून, बर्फाने शेकून बहुधा आराम पडतो. पण एका बोटाने दाखवता येईल अशा जागी दुखत असेल, रात्रीही ठणकत असेल किंवा त्या पायावर लंगडी घालता येत नसेल, तर धावणे त्याच दिवशी बंद करावे आणि डॉक्टरांना दाखवावे. पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो, त्यावर विसंबू नये. तड्याला साधारण सहा ते आठ आठवडे विश्रांती लागते. मुलींची पाळी बंद झाली असेल तर तेही न लाजता सांगावे. खाणे अपुरे पडले की हाडे कमजोर होतात, त्याची ती खूण असते. आणि सुई मागू नये. सुईने दुखणे झाकते, तडा रुंदावतो.

मी स्वतः आता अशा मुलांना सुई देत नाही. पुष्कळ जण रागावून जातात, काही दुसऱ्या दवाखान्याची पायरी चढतात. म्हणून पालकांना हात जोडून सांगणे आहे. मुलगा किंवा मुलगी मैदानावरून घरी आली की किती मिनिटांत धावलास, हे विचारण्याआधी पाय कुठे दुखतो का, ते विचारा.