रात्र कुणाची?

रात्र ही दुर्बळाची मैत्रीण, असे आपण इतिहासात शिकलो. १६६३ साली लाल महालात शायिस्ताखानावर छापा पडला तो रात्रीच आणि १६७० साली कोंढाणा घेतला तोही रात्रीच. ज्याच्याजवळ फौज थोडी, त्याने काळोखाचा आडोसा घ्यावा, हा युद्धाचा जुना न्याय. बलवानाचे डोळे आणि दुर्बळाचे डोळे अंधारात सारखेच आंधळे! गेल्या ऐंशी वर्षांत हा न्याय मोडला, आणि तो मोडणाऱ्या यंत्राचा आपण फारसा विचारच केलेला नाही. चित्रपटात हिरवट पडद्यावर माणसे धावताना दिसतात, एक तेजस्वी ठिपका कुणाच्या तरी छातीवर येऊन थांबतो, आणि प्रेक्षागृहात टाळ्या पडतात. त्या टाळ्यांविषयीच मला चार शब्द लिहायचे आहेत.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस जर्मनांनी बंदुकीवर ‘वाम्पिर’ नावाचे साधन बसवले. डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचा दिवा, तो प्रकाश टिपणारी दुर्बीण आणि पाठीवर जड बॅटरी, असा तो संसार होता. १९४५ साली अमेरिकन सैनिकांनी ओकिनावा बेटावर असेच साधन वापरले. पुढे १९६०च्या दशकात, व्हिएतनामच्या युद्धात, दिव्याची गरज सरली. तेथील ‘स्टारलाइट’ दुर्बीण चांदण्यांचा उजेडच हजारो पटींनी वाढवून दाखवी. दुर्बिणीत शिरलेला मंद प्रकाश एका संवेदनशील पृष्ठावर पडतो, तेथून इलेक्ट्रॉन सुटतात, त्यांचा वेग आणि जोर वाढवला जातो आणि ते पडद्यावर आदळून चित्र उमटते. हिरव्या रंगाच्या छटा आपल्या डोळ्यांना उत्तम कळतात, म्हणून ते चित्र बहुधा हिरवे असे. रात्रीच्या आडोशाने लढणाऱ्या गनिमाचा आडोसाच काढून घ्यावा, हा या खटाटोपाचा हेतू.

पुढे हे यंत्र शिरस्त्राणावर, डोळ्यांसमोर आले. सैनिकाचे हात मोकळे झाले, पण नवीच अडचण उभी राहिली. डोळ्यांवर चष्मा असताना बंदुकीच्या दुर्बिणीला डोळा लावणार कसा? म्हणून नळीशेजारी अवरक्त लेसर बसवला. उघड्या डोळ्यांना तो दिसत नाही, चष्म्यातून मात्र दूरवर टेकलेला ठिपका स्पष्ट दिसतो. ठिपका जेथे, गोळी तेथे, असे वरवर वाटते. प्रत्यक्षात लेसर सरळ जातो आणि गोळी वाटेत खाली येते. शिवाय लेसर नळीच्या थोडा बाजूला असतो. म्हणून दोघांचा मेळ एका ठरावीक अंतरावर बसवावा लागतो. त्याखेरीज चष्म्यातून समोरचा केवळ चाळीसेक अंशांचा टापू दिसतो आणि खोलीचा अंदाज चुकतो. सारांश, रात्रीचा दिवस झालेला नसतो. एका अरुंद खिडकीतून रात्र थोडी उजळलेली दिसते, इतकेच.

‘रात्र आमची आहे’ अशी घोषणा अमेरिकन सैन्यात एके काळी अभिमानाने दिली जाई. मला ती घोषणा फसवी वाटते. १९८२ साली फॉकलंड बेटांवर काही ठिकाणी अर्जेंटिनाच्या सैनिकांकडची रात्रीची साधने ब्रिटिशांपेक्षा सरस निघाली. २०२१ साली अफगाण सैन्य कोसळले, तेव्हा अमेरिकेने त्याला दिलेली अशी साधने तालिबानच्या हाती पडली. यंत्र कुणाशी इमान राखीत नाही! आणि समोरच्याकडेही तसाच चष्मा असेल, तर त्याला लेसरचा ठिपका दिसतो. धुके किंवा धूळ असेल, तर अख्खी रेघ दिसते, आणि त्या रेघेच्या मुळाशी बंदूकवाला उभा असतो. जो उजेड टाकतो, तोच उजेडात येतो.

यापेक्षाही गंभीर गोष्ट निराळी आहे. दिसणे म्हणजे ओळखणे नव्हे. आखाती युद्धात, १७ फेब्रुवारी १९९१च्या रात्री, एका अमेरिकन हेलिकॉप्टरने रात्रीच्या नेमयंत्रातून पाहून दोन वाहने उडवली. वाहने अमेरिकेचीच होती, आणि त्यांत दोन अमेरिकन सैनिक ठार झाले. वाहने दिसत होती, ती कुणाची ते दिसत नव्हते. मग हिरव्या चित्रातल्या एकट्या माणसाचे काय? आपल्याकडे कितीतरी शेतकरी रात्रपाळीची वीज आली की खांद्यावर फावडे टाकून पाणी धरायला निघतात. लांबून, त्या चित्रात, खांद्यावरचे फावडे आणि खांद्यावरची बंदूक यांत फरक तो किती? युद्धाच्या मुलुखातही शेते असतात, आणि रात्री शेतावर जाणारी माणसेही असतात.

यावर कुणी म्हणेल, की अंधारात अंदाधुंद गोळ्या झाडण्यापेक्षा नीट पाहून झाडलेली एक गोळी बरी. हे म्हणणे खरे आहे, आणि मला मान्यही आहे. सीमेवर रात्र काढणाऱ्या आपल्या जवानाला हे साधन मिळालेच पाहिजे. या यंत्राचा गाभा असलेली नळी आपल्या पुण्यातच तयार होते, याचा मला अभिमान आहे. माझे भांडण यंत्राशी नाही. यंत्राने पाहिले म्हणजे आपण ओळखले, या समजुतीशी आहे. मर्यादा घालता येतात, हेही जगाने दाखवले आहे. माणसाला कायमचे आंधळे करण्यासाठी बनवलेल्या लेसर शस्त्रांवर १९९५च्या आंतरराष्ट्रीय कराराने बंदी घातली. नेम धरण्याचा लेसर त्या बंदीत येत नाही. पण तोही न दिसणारा असल्याने डोळ्यात गेला तरी पापणी मिटत नाही, आणि म्हणूनच सरावातही तो जपून वापरावा लागतो.

तात्पर्य, चष्म्याची किंमत मोजताना तो वापरणाऱ्याच्या शिक्षणाचीही किंमत मोजावी. कितीशा अंतरावर केवळ ‘माणूस’ कळतो, आणि कितीशा अंतरावर ‘कोण माणूस’ ते कळते, हे चापावर बोट जाण्याआधी त्याला पक्के ठाऊक हवे. ज्याची ओळख पटली नाही त्याच्यावर गोळी झाडू नये, हा नियम दिवसाइतकाच रात्रीही कडक हवा. आणि आपण प्रेक्षकांनी? पडद्यावर पुन्हा तो ठिपका कुणाच्या छातीवर थांबला, तर टाळी वाजवण्यापूर्वी एवढेच विचारावे, तो कोण होता?