स्थानक कोठे हवे?



स्वारगेट ते कात्रज या सुमारे ५.५ किलोमीटरच्या भुयारी मेट्रोस केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली. मूळ आराखड्यात मार्केट यार्ड, पद्मावती आणि कात्रज अशी तीनच स्थानके होती. पद्मावती ओलांडली की थेट कात्रज! मधल्या बालाजीनगरच्या रहिवाशांनी स्थानकाचा आग्रह धरला, आणि पुढे ते आराखड्यात आलेही. हा आग्रह रास्तच होता. भुयारी स्थानकाचा खर्च मोठा हे खरे. परंतु चालू बोगद्यावर मागाहून स्थानक खोदणे त्याहून कितीतरी अवघड. बोलायचे ते नकाशा कागदावर असतानाच.

मार्केट यार्डात आपल्या समाजाचे कित्येक व्यापारी आहेत, कात्रजला आगम मंदिर आहे. तरी अशा वेळी आपण स्वस्थ बसतो. चातुर्मास प्रवेशाच्या मिरवणुकीचा मार्ग मात्र तासन् तास चर्चितो!

साधु-साध्वी मेट्रोने जाणार नाहीत, त्यांचा विहार पायीच. स्थानकाची दारे व जिने सातारा रस्त्याच्या पदपथावर नेमके कोठे उतरतात, यावर त्यांची वाट मोकळी राहील की अडेल, हे ठरेल. संघाने हे लेखी कळवावे, जागेच्या खुणेसह.