भावाने पाठवलेली बाटली



मागच्या महिन्यात आमच्या घरी लग्न होते. त्यासाठी आमचा धाकटा भाऊ आखातातून आठ दिवसांच्या सुट्टीवर आला होता. अब्बांच्या घराच्या वाटणीवरून दोन वर्षे आमचे बोलणे बंद आहे. सलामला जवाब तेवढा होतो, तोही चार लोकांदेखत. परत जाताना त्याने अम्मीच्या हातात एक जड, गडद रंगाची बाटली ठेवली आणि म्हणाला, "भाईला द्या."

परत पाठवावी, हाच आमचा पहिला विचार. आम्ही तसे बोललोही. अम्मी भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "खुशबू कुणी परत करतं का रे? मुलांना शाळेत काय शिकवतोस?"

आम्ही गप्प झालो. हुजूर ﷺ सुगंधाची भेट कधी नाकारत नसत, ही हजरत अनस (रजि.) यांची रिवायत आम्हीच दरवर्षी मुलांना सांगतो. बाटली ठेवून घेतली.

बाटलीचे नाव 'ऊद वूड'. टॉम फोर्ड या कंपनीने 2007 साली बाजारात आणलेला हा परफ्यूम. पुरुष आणि स्त्री दोघांनी लावावा असा, म्हणजे 'युनिसेक्स'. भाच्याने मोबाइलवर किंमत पाहिली आणि डोळे मोठे केले. पन्नास मिलिलिटरला वीस हजारांच्या पुढे! आम्ही मास्तर, लगेच हिशेब मांडला. एका फवाऱ्यात साधारण 0.1 मिलिलिटर जाते असे धरले, तर बाटलीत पाचशे फवारे. म्हणजे एक फवारा चाळीस रुपयांचा. सकाळी दोनदा दाबले, की दोघांचा चहा-नाश्ता हवेत!

'ऊद' हा शब्द आपल्याला परका नाही. अरबीत ऊद म्हणजे लाकूड. मराठीतली उदबत्ती तिथलीच आणि अगरबत्तीतला 'अगर' म्हणजेही तेच झाड. निरोगी अगराचे लाकूड फिकट असते, त्याला फारसा वास नसतो. झाडाला जखम झाली, बुरशी लागली, की ते स्वतःला वाचवण्यासाठी राळ तयार करते. ती मुरून लाकूड काळे आणि जड होते. तोच खरा ऊद. आसामातले होजाई हे याच्या व्यापाराचे जुने ठिकाण. जंगलातली झाडे इतकी तुटली, की 1995 पासून या झाडाचा आंतरराष्ट्रीय व्यापार परवान्याखाली आला. म्हणूनच आजकालच्या परफ्यूममधला ऊद बहुधा प्रयोगशाळेत जुळवलेल्या घटकांतून उभा केलेला असतो.

आता लावून पाहण्याची गोष्ट. आम्ही आठ दिवस रोज लावला. पहिल्या दिवशी चूक केली. मनगटावर फवारा मारून लगेच नाकाशी नेले, तर नुसता अल्कोहोलचा झणका. परफ्यूम पारखायचा तर दोन-तीन मिनिटे थांबावे आणि मनगटे एकमेकांवर घासू नयेत. दुकानातल्या कागदाच्या पट्टीवरही निर्णय देऊ नये, कारण प्रत्येकाच्या अंगावर वास थोडा वेगळा उमलतो.

पहिली पंधरा मिनिटे वेलदोडा आणि मिरीसारखा तिखटपणा. यात चिनी मिरी असते, ती म्हणजे आपल्या कोकणातल्या तिरफळाची भावकी. माशाच्या सारात आपण घालतो तेच. मग तासाभराने लाकूड पुढे येते, सुके, किंचित धुरकट. दुपारनंतर चंदन, थोडा वाळा आणि अगदी शेवटी हलका गोडवा. गुलाब-मोगऱ्यासारखे फूल यात कुठेच ठळक नाही. वास खोली भरून टाकत नाही, अंगाजवळ राहतो. शेजारी बसणाऱ्याला कळतो, वर्गातल्या शेवटच्या बाकाला नाही. आमच्या दृष्टीने हा गुण आहे. मशिदीच्या सफमध्ये शेजाऱ्याला ठसका लागेल असा सुगंध काय कामाचा?

आपले नाक थोड्याच वेळात सरावते आणि आपल्याला वाटते, उडाला. म्हणून दुसऱ्याला विचारावे. सहावीतला एक मुलगा म्हणाला, "सर, आज तुमच्याकडून दर्ग्यासारखा वास येतोय." स्टाफरूममध्ये मराठीच्या बाई म्हणाल्या, "आमच्या देवघराची आठवण झाली." दोघांचेही बरोबर. चंदन आणि ऊद दोन्हीकडे जळत आले आहेत.

अल्कोहोलचा प्रश्न घरात निघालाच. आम्ही कोकणातले बहुतेक शाफई, आणि या बाबतीत शाफई मतात सावधगिरी जास्त. द्राक्ष-खजुराखेरीज इतर पदार्थांपासून केलेल्या अल्कोहोलबाबत आजचे अनेक हनफी उलमा मुभा देतात. ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारावे. आम्ही आमच्यापुरते ठरवले, शाळेत परफ्यूम आणि नमाजला अत्तर. वाद मिटला.

'युनिसेक्स' शब्दावर आमची मुलगी हसली. म्हणाली, "अब्बा, गुलाबाचं अत्तर दादाजान लावायचेच ना!" खरे आहे. फूल बायकांचे आणि लाकूड पुरुषांचे, ही विभागणी दुकानाच्या फळीवरची. आपल्याकडे वेगळी सांगितली आहे. पुरुषाच्या सुगंधाचा वास उघड असावा, रंग दबलेला. स्त्रीच्या सुगंधाचा रंग दिसावा, वास दबलेला. मुलांच्या आईने बाटली हुंगून पाहिली. म्हणाली, "छान आहे. मी घरातच लावीन." आणि लावलाही, आम्हाला न विचारता! तिच्या अंगावर चंदन लवकर वर आले.

आता मुद्द्याचे. पाचव्या दिवशी असरनंतर वह्या तपासत होतो. मनगट चेहऱ्याजवळ आले आणि हात थांबला. अब्बांची अत्तराची लाकडी पेटी आठवली. जुम्म्याला ते त्यातला फाया आधी धाकट्याच्या कानात ठेवायचे, मग आमच्या. आम्ही मोठे असून दुसरे, म्हणून रुसायचो. कन्नौजची जुनी पद्धत अशी, की देग-भपक्यात फुलांचा अर्क चंदनाच्या तेलात उतरवायचा. अब्बांच्या पेटीत तळाशी तोच चंदनाचा वास मुरलेला होता. हजारो रुपयांच्या बाटलीने सात तासांनी आम्हाला तिथे नेऊन ठेवले.

अब्बांची ती पेटी कुणाकडे आहे, हाही वाटणीतलाच एक रुसवा. ती आमच्याकडे आहे. भावाने दोनदा मागितली होती. आम्ही दिली नव्हती.

त्या रात्री फोन लावला. काय बोलावे सुचेना. म्हणालो, "किती वेळा दाबायचं रे ते?" पलीकडे थोडा वेळ शांतता. मग तो म्हणाला, "दोनदा, भाई. तुम्ही चारदा दाबत असाल." आम्ही खरेच तीनदा दाबत होतो! मग त्याने सांगितले, की दुकानात त्याने सात-आठ बाटल्या हुंगल्या आणि ही अब्बांच्या जवळची वाटली म्हणून घेतली. पेटी पुढच्या सुट्टीत त्याला देतो, असे आम्ही सांगितले. घराचा प्रश्न सुटलेला नाही. कागद घेऊन ईदनंतर बसायचे ठरले आहे, अम्मीसमोर. वाद होतीलच, पण बसू तरी.

स्वतःच्या पैशाने ही बाटली आम्ही घेऊ का? नाही. मास्तराच्या पगारात तो इसराफ ठरेल. लाकडाचा सुगंध आवडत असेल, तर चांगल्या अत्तारवाल्याकडे चंदन किंवा ऊदाची लहान कुपी पाहावी, हातावर लावावी, दोन तास बाजारात फिरावे आणि मगच पैसे मोजावेत. एक थेंब दिवसभर पुरतो.

आणि कुणी रुसलेल्या माणसाने सुगंध पाठवलाच, तर परत करू नये. आमच्या अम्मीचे म्हणणे तरी तेच आहे.