भिंत कुणाची?

‘घर पाहावे बांधून’ असे जुनी माणसे म्हणून गेली. त्यात मी एवढीच भर घालीन, की न्हाणीघर पाहावे मोडून.

आमचे घर खोपटला, एसटीच्या आगारापासून चालत पाच मिनिटांवर, एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर. समोरचा रस्ता दर काही वर्षांनी खडी-डांबराचे नवे थर अंगावर घेत वर चढत गेला. आम्ही जागच्या जागी राहिलो. आता घरात यायचे तर दोन पायऱ्या खाली उतरावे लागते. तळमजल्याचे तळघर झाले ते असे. परिणामी न्हाणीघराच्या भिंतींना लोणा लागलेला, रंगाचे पोपडे सुटलेले, आणि मुसळधार पावसात जाळीतून पाणी जाण्याऐवजी वर येणारे.

अखेर दिवाळीनंतर काम काढले. आयुष्यातले पहिलेच! महिनाभर घरात चर्चा कशाची, तर टाइल्सची. सौ.ना फिकट निळ्या हव्यात, मुलीला पांढऱ्या. माझी हौस निराळीच. स्वयंपाकघराकडची भिंत पाडून दीड फूट सरकवायची, म्हणजे वॉशिंग मशीन आत बसेल.

मिस्त्रींनी टाइल्सकडे पाहिलेही नाही. दाराच्या चौकटीपाशी टेप लावून भिंतीची जाडी मोजली. वरच्या बिऱ्हाडात जाऊन तीच भिंत तिथेही आहे ना, ते पाहून आले. मग म्हणाले, ‘‘साहेब, ही नऊ इंची आहे. वरचे दोन मजले हिच्यावर बसलेत. पाडायची तर आधी इंजिनियर आणा, नाहीतर दुसरा मिस्त्री बघा.’’

मला रागच आला. घर माझे, पैसे माझे! पण त्या रात्री वरच्या काकूंची खाट सरकल्याचा आवाज आला आणि मी दचकलो. जुन्या इमारतीत खांब नसतात, विटांच्या भिंतीच भार वाहतात. त्यातली एक पाडणे म्हणजे काकूंच्या खाटेचा पाय कापणेच. खांबांच्या इमारतीतही हाच न्याय. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरची ‘साई सिद्धी’ इमारत कोसळून १७ माणसे गेली. तळमजल्यावरच्या दुरुस्तीत खांबांना धक्का लावल्याचा आरोप तेव्हा झाला होता.

भिंत वाचली, पण तिला जखमा करण्याची हौस अजून बाकी होती. नळ भिंतीत लपवायचे होते. भारतीय मानकाप्रमाणे भार वाहणाऱ्या भिंतीत उभी खाच जाडीच्या एकतृतीयांशाहून आणि आडवी एकषष्ठांशाहून खोल नसावी. नऊ इंचांत आडवी खाच जेमतेम दीड इंच. आम्ही पाइप उभेच उतरवले, बाकीचे उघडे ठेवले. दिसतात थोडे, दिसोत.

ओलीचेही तसेच. जमिनीतली ओल विटांतून वर चढते. तिच्यावर सिमेंटचा जाड गिलावा चढवला तर ती जात नाही, टाइल्सच्या वरून डोके काढते. म्हणून जुना गिलावा खरवडून भिंत आधी सुकू दिली. बाहेर जाणाऱ्या नळीवर पाणी उलट येऊ न देणारा व्हॉल्व्ह बसवला. नव्या कामावर सात दिवस पाणी मारले. जाळी बंद करून दोन दिवस पाणी भरून ठेवले, आणि ते उतरत नाही अशी खात्री पटल्यावरच फरशी. निम्मा खर्च असा, कुणालाही न दिसणाऱ्या गोष्टींवर गेला. पाहुणे मात्र टाइल्सचेच कौतुक करतात.

माझे म्हणणे एवढेच, की आपण घर विकत घेतो म्हणजे भिंतींच्या आतला रंग विकत घेतो. भिंत सगळ्यांची असते. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत तीस वर्षांवरील इमारतींची दर तीन वर्षांनी संरचनात्मक तपासणी सांगितली आहे. ती आपण कागदापुरती उरकतो, आणि दुरुस्तीची परवानगी मागणाऱ्या शेजाऱ्याला भित्रा ठरवतो. हातोडा उचलण्याआधी वर जाऊन ‘काकू, तुमच्याकडे ही भिंत कुठे येते?’ एवढे विचारायला काय हरकत आहे?

वॉशिंग मशीन आजही स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात अडचण करून उभे आहे. वरच्या काकूंची खाट मात्र जागच्या जागी आहे.