सनावळी नको, कायदे ओळीने मांडा



अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांतील काही मुले तिथल्या शाळेत ‘ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट’ हा वरच्या पातळीचा इतिहास घेतात. परीक्षा मे महिन्यात असते. सुरुवातीच्या वसाहतींचे सन पाठ करताना मुले कंटाळतात. त्यांना एकच सांगणे : सन घोकू नका, कायदे ओळीने मांडा.

१६१९ साली व्हर्जिनियात वीसेक आफ्रिकन माणसे धान्याच्या बदल्यात दिली गेली. १६६२ च्या कायद्याने आईचा दर्जा तोच मुलाचा ठरला. गुलाम स्त्रीचे मूल जन्मतःच गुलाम. १६६७ चा कायदा म्हणतो, बाप्तिस्मा घेतला तरी गुलामी सुटणार नाही. १७७६ च्या जाहीरनाम्याने सर्व माणसे समान म्हटली, आणि १७८७ च्या राज्यघटनेने प्रतिनिधींची संख्या ठरवताना पाच गुलाम तीन माणसांइतके मोजले.

ओळीने लिहिले की कळते, गुलामी आभाळातून पडली नाही. माणसांनीच ती कायद्याने जन्माला बांधली. म्हणूनच यादवी युद्धानंतर १८६५ साली घटनादुरुस्तीने ती मोडता आली.

परीक्षेत जुने कागद देऊन प्रश्न विचारतात. कागद कोणी लिहिला, कोणाच्या फायद्यासाठी, हे आधी पाहा. जन्मावरून दर्जा ठरवणारा नियम ओळखणे आपल्या मुलांना जड जाऊ नये.

बाबासाहेबांनीही १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राबरोबर इतिहासाचे विषय घेतले होते. पालकांनी रोज रात्री जेवताना मुलांकडून एक कायदा समजून घ्यावा. आईला समजावून सांगता आला, की तो धडा पक्का झाला.