सैन्य पाठविण्यापूर्वीचे दोन प्रश्न

१७ मार्च २०११ रोजी सुरक्षा परिषदेने लिबियाविषयीचा ठराव १० मतांनी संमत केला. भारतासह पाच राष्ट्रे तटस्थ राहिली. हा भ्याडपणा होय, असे मानणाऱ्यांची अस्वस्थता मी समजू शकतो. गद्दाफींचे सैन्य बेनगाझीवर चालून येत असता नुसती चिंता व्यक्त करणे कोणालाच शोभत नाही.

परंतु मी चेन्नईत राहतो. जुलै १९८७ मध्ये आपली शांतिसेना श्रीलंकेत उतरली ती कराराच्या रक्षणासाठी. ऑक्टोबरात ती प्रभाकरनच्या वाघांशीच लढू लागली. हजाराहून अधिक जवान गमावून ती मार्च १९९० मध्ये परतली, तेव्हा मुख्यमंत्री करुणानिधी स्वागतालाही गेले नाहीत.

यावर १९७१ चा दाखला दिला जातो. याह्याखान लष्करशहाच होते, हे खरे. पण अवामी लीगने पूर्व पाकिस्तानातील १६२ पैकी १६० जागा आधीच जिंकल्या होत्या. सत्ता कोणाकडे सोपवायची हे मतदारांनी ठरविले होते. म्हणूनच आपले सैन्य विजयानंतर तीन महिन्यांत माघारी येऊ शकले.

बेनगाझीतील परिषदेला असा कौल कोणी दिला? गद्दाफी गेल्यावर सशस्त्र टोळ्यांकडील बंदुका कोण गोळा करणार होते? परकी फौजेने भूमी ताब्यात घेण्यास ठरावातच मनाई होती. म्हणजे विमाने राजवट पाडणार होती, आणि पुढची जबाबदारी कोणाचीच नसणार होती. पुरेशी माहिती नाही, असे आपल्या प्रतिनिधींनी सांगितले. तेवढ्यावर न थांबता हे दोन प्रश्न त्यांनी भर सभेत विचारायला हवे होते.