मराठीला वर्गाबाहेर उभे करणारे इंग्रजी

इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवावे आणि वर्गात मराठी उच्चारणे हा अध्यापकाचा दोष समजावा, हे मत आपल्याकडे इतके रुळले आहे की त्याला पुरावा मागण्याची गरजही कुणाला वाटत नाही. शास्त्र म्हणून मिरवणारे हे मत वस्तुतः एका विशिष्ट परिस्थितीतून जन्मलेली सोय आहे. आणि ती परिस्थिती गुहागरची नव्हे.

बर्लिट्झची शाळा १८७८ साली अमेरिकेत निघाली. जिथे शिक्षक परका आणि विद्यार्थ्यांच्या भाषा निरनिराळ्या, तिथे मातृभाषा वगळणे क्रमप्राप्त ठरते. १९६१च्या मकेरेरे परिषदेनंतर मात्र या अपरिहार्यतेलाच तत्त्वाची प्रतिष्ठा लाभली. ही एकभाषिकता भ्रामक आहे आणि तिच्यामुळे इंग्रजी मातृभाषा असलेल्या शिक्षकांचे व ग्रंथांचे वर्चस्व पोसले जाते, हे रॉबर्ट फिलिप्सन यांनी १९९२मध्ये दाखवून दिले. २००५च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानेही बहुभाषिकतेला वर्गातील साधनसंपत्ती मानले. तरीही अध्यापकाच्या मनातील अपराधभाव ओसरलेला नाही.

गुहागरच्या मराठी शाळेत शिक्षक आणि विद्यार्थी दोघांनाही मराठी येते. ती येत नसल्याचे सोंग दोघांनी वठवावे, अशी ही पद्धती सांगते. परंतु फळ्यावरून पुसली म्हणून मराठी मुलांच्या मनातून पुसली जात नाही. इंग्रजी 'वुई' वाचताच मराठी वाचकापुढे प्रश्न उभा राहतो: 'आपण' की 'आम्ही'? ऐकणारा त्यात आहे की नाही? इंग्रजी सर्वनाम याविषयी मौन पाळते; उत्तर संदर्भातून शोधावे लागते. म्हणजे अनुवाद करणारा विद्यार्थी अधिक बारकाईने इंग्रजीच वाचत असतो. मराठीत माणसाला भूक 'लागते', इंग्रजीत माणूसच कर्ता होतो. चूक कुठे संभवते, हे दोन्ही रचना जाणणाऱ्या अध्यापकाला आधीच दिसते. परकी भाषा मातृभाषेतील अर्थांच्या आधारे शिकली जाते आणि उलट मातृभाषेची जाणही वाढवते, हे विगॉट्स्कीने १९३४च्या 'विचार आणि भाषा' या ग्रंथात मांडलेच होते. शिवाय कुणबी, खारवी वा कोकणी मुसलमान घरांतून येणाऱ्या मुलांची बोली पाठ्यपुस्तकी मराठीहून वेगळी असते. तेव्हा वर्गात मराठी आणायची ती या बोलींसह.

जुन्या व्याकरण-भाषांतर पद्धतीचे दोष नाकारण्याचे कारण नाही. शिक्षकाने अर्थ सांगायचा, मुलांनी तो उतरवून घ्यायचा आणि इंग्रजी कानांवर पडायचेच नाही, हा प्रकार शोचनीय होता. पण तो दोष मराठीचा नसून विद्यार्थ्याला काहीही करू न देण्याचा होता. तयार भाषांतर पाठ करणे वेगळे आणि दोन भाषांत तुलना करीत स्वतः अर्थनिर्णय करणे वेगळे. तिकडे इंग्रजीतील संभाषणे पाठ करून घेणारा आधुनिक वर्गही घोकंपट्टीच करीत असतो. फक्त तिचा उच्चार सफाईदार असतो.

प्रश्न केवळ पद्धतीचा नाही. याच तालुक्यात अंजनवेलला एन्रॉनचा वीज प्रकल्प आला. राज्य विद्युत मंडळाशी १९९३ साली झालेला वीजखरेदी करार इंग्रजीत होता. ज्यांच्या गावात प्रकल्प उभा राहिला, त्यांच्यापैकी बहुतेकांना त्या कलमांचा अर्थ इतरांकडून ऐकावा लागला. तिथे उणीव अभिवादनाच्या इंग्रजीची नव्हती. परक्या भाषेतील मजकूर तपासून आपल्या भाषेत चारचौघांपुढे मांडण्याच्या सामर्थ्याची होती. २०००पासून राज्यातील मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून आले. वर्षे वाढली, हे सामर्थ्य अभ्यासक्रमाचे उद्दिष्ट मात्र झाले नाही.

अनुवाद हे सामर्थ्य घडवतो. त्याला वर्गाबाहेर काढणारी पद्धती इंग्रजी बोलणारे नोकर कदाचित घडवील. इंग्रजीला जाब विचारणारे नागरिक घडवणार नाही.